हरकती व सूचना

मसुदा इंग्रजीत होता.
मुमताज तडवी सिस्टरने रात्रपाळी संपल्यावर
पोळीत मेथी गुंडाळत, एकेक कलम
मराठीत करून सांगितलं.
आतड्याला सूज असलेल्या माणसाला
देशात कुठंही सारखीच वागणूक, म्हणाली.
हरकतींना मुदत सोमवारपर्यंत.

मी सुपडू झांबरे, वाहक, यावल आगार.

कलम चार.
संशय आल्यापासून चार आठवड्यांत दुर्बीण.
चांगलं आहे, राहू द्या.
पण संशय कुणाला यावा, ते लिहिलेलं नाही.
मला तीन वर्षं मूळव्याध होती.
फैजपूरला एकाने धागा बांधला,
सावद्याला दुसऱ्याने जंतांवर काढलं,
मग कुणी आतड्याचा टीबी ठरवला,
नऊ महिने लघवी केशरी.
रक्त पडतच राहिलं,
रोजच्या रोज, वेबिल भरावं तसं.

अकरावं आधी घेतो. घाईचं आहे.
‘रुग्णास प्रसाधनगृह सुलभ असावे.’
सुलभला पाच रुपये लागतात साहेब,
आणि ते फक्त स्टँडवर.
यावल–चोपडा पहिल्या गाडीला
साकळीत पडक्या गोठ्याची भिंत,
किनगावला शाळेचं, पण सुट्टीत कुलूप.
मधे कधी नुसती केळीची बाग,
आणि गाडीतून आवाज,
‘कंडक्टर, कुठी जाई ऱ्हायना भो?’
लुकमान ड्रायव्हर काही बोलत नाही.
उतरतो, टायरला उगाच हातोडी मारत बसतो
मी येईपर्यंत.

अडावदला एका बाईने दार उघडलं होतं.
विचारलं नाही काही. बादली भरलेली होती.
तिचं नाव मला अजून माहीत नाही.
वेळापत्रकात नाही, पण माझ्यापुरता
तो विनंती थांबा आहे.

कलम सहा, स्टिरॉइड.
माझा चेहरा पुरीसारखा फुगला,
सासुरवाडीत म्हणाले, पाव्हणे मानवले!
गोळी किती दिवस घ्यायची ते कुणी सांगितलं नाही,
मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत राहिला.
आता गाडीची पायरी चढताना
खुबा बोलतो.

कलम नऊ. त्रास उसळला तर फोन करा,
दोन दिवसांत उत्तर मिळेल.
कोणत्या फोनवर?
मुमताज सिस्टरचा नंबर तिचा स्वतःचा आहे,
रिचार्जसकट.
मागे तिच्या मुलीचं लग्न निघालं,
अख्ख्या जिल्ह्याने पंधरा दिवस पोट धरलं.
तिला हे लिहायचं नव्हतं.
मी लिहायला लावलं.

पथ्याच्या कलमाला हरकत नाही.
बरीत सोडलं, ठेचा सोडला.
केळं चालतं म्हणाल्या,
ते इथं गुरंसुद्धा खातात.

आता चौदा, नोंदवही.
पालकडची एक पोरगी आहे, सरमी बारेला.
सोळा वर्षांची, वजन एकोणतीस किलो.
बापाने आधी बऱ्हाणपूरला नेलं,
तिथले कागद इथं चालले नाहीत,
इथले तिथं.
बाकावर माझ्याशेजारी बसली होती,
पिशवी पोटाशी दाबून.
मी विचारलं, दिवसातून किती वेळा?
तिने बोटं दाखवली. दोन्ही हातांची.
मग एक हात पुन्हा.
वहीत तिचा आजार ‘इतर’मध्ये गेला आहे.
मीही इतरमध्येच आहे,
सर्पदंशाच्या खाली, भाजलेल्यांच्या वर.

चार आठवडे मोजायचे तर
कुठून मोजणार, ते एकदा कळवा.
सरमीची तारीख जळगावला, एकवीस.
पहाटे निघायचं, दोन गाड्या बदलायच्या,
बापाचा रोज बुडणार,
आणि आदल्या रात्री ते जुलाबाचं औषध प्यायचं,
पिऊन एसटीत बसायचं.
हे कुणी बसून पाहिलंय का
समितीतल्यांपैकी?

ती आली नाही. फोन बंद आहे.

सिस्टर म्हणते, खाली पाचशे अक्षरांची मर्यादा आहे,
हे सगळं मावणार नाही.
मग अकरा आणि चौदा तेवढं ठेव, बाकी काप.
नको, थांब,
नऊपण राहू दे.

गुरुवारी रजा टाकली आहे.
रावेरहून पालची गाडी साडेसातला सुटते म्हणे.
साडेसातपर्यंत पोट शांत असलं
तर जाऊन येतो.