पान सदुसष्ट

पर्वरीच्या कोर्टात वकील बोट ठेवतात
पान सदुसष्टवर, ओळ नववी,
आणि मला माझाच शब्द ऐकू येतो.
दहा वर्षांपूर्वीचा.
इंग्रजीत किती स्वच्छ वाटतो तो,
इस्त्री करून आणल्यासारखा.

तेव्हा मी पणजीत दुभाषी होते.
साक्षीदार क्रमांक दोन, लोचन परब, राहणार पिळगाव,
पिंजऱ्यात शिरताना तिनं उंबऱ्याला हात लावून
तो कपाळाला नेला होता, देवळात जावं तसा.
प्रश्न वरून यायचा. मी तो कोंकणीत तिच्यापुढे ठेवायचे.
ती उत्तर मला द्यायची,
जणू मीच विचारतेय, मलाच हवंय.

चवथीचें व्हजें धाडिल्लें, ती म्हणाली.
व्हजें उणें पडलें.

लग्नानंतरची पहिली चवथ.
नेवऱ्या शंभर, लाडू पन्नास, खाज्याचे दोन पुडे,
तवशें, नारळ, केळ्यांचा अख्खा घड,
पाटीवर लाल फडकं.
आणि सासूनं फोनवर सांगितलेलं:
नेवऱ्यांच्या खाली स्कूटरची चावी घालून धाडा.

साहेबांनी चष्मा वर केला. व्हजें म्हणजे?
जेवणाच्या सुट्टीला सहा मिनिटं होती.
कस्टमरी गिफ्ट, मी म्हटलं.
स्टेनोची बोटं पुढे गेलीसुद्धा.

दुसरं काय म्हणणार होते?
ओझं म्हटलं असतं
तर कुणाला वाटलं असतं, धक्क्यावरच्या हमालाची गोष्ट चाललीय.
किती तरी वर्षं हेच उत्तर मी स्वतःला देत आले.

मग उलटतपासणी.
ही रीत घरोघरी आहे ना?
हय.
तुमच्या आईनं तुमच्यासाठी पाठवलेलं?
हय, आणि ती जराशी हसली,
आईची पाटी दिसली असावी तिला, ते फडकं.
हय म्हणजे येस. ते सोपं होतं.
हसू टाइप करत नाहीत.

आता अपील.
वकील दिवस मोजतात. चवथ ते विहीर, त्रेसष्ट.
कायदा म्हणतो, मृत्यूच्या थोडं आधी.
थोडं म्हणजे किती, यावर पाऊण तास.
मधे दिवाळीला मुलगी माहेरी आली होती,
निशाणी बारा, फोटो,
पोह्यांची बशी हातात, दात दिसताहेत.
रीतीची भेट म्हणजे हुंडा नव्हे, वकील म्हणतात,
साक्षीदाराच्याच तोंडचे शब्द आहेत, मिलॉर्ड,
पान सदुसष्ट.

तिच्या तोंडचे.

पुढच्या बाकावर तो बसलाय. जामिनावर.
मानेवरचे केस नुकते कापलेले,
कानामागे पावडर राहिलीय.

मी निवृत्त आहे. आजच्या यादीत नाव दिसलं म्हणून आले,
मागे बसले.
शेजारी एक म्हातारी, मांडीवर कापडी पिशवी,
पिशवीत डबा आणि छत्री.
तिनं मला ओळखलं नाही. मी तिला हातावरून ओळखलं,
अजून तसाच, कपाळाला नेऊन आणलेला.

ती वाकते माझ्याकडे.
बाये, कितें म्हणटा तो?

आज शपथ नाही. स्टेनो नाही.
सहा मिनिटंही नाहीत, सगळी दुपार आहे.
कस्टमरी गिफ्ट, वकील पुन्हा म्हणतात,
आणि मी ते तिच्या कानात
परत तिच्या भाषेत ठेवते:

व्हजें. व्हजें म्हणटा.

ती मान हलवते. समाधानानं, देवा.
पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळते.
हय, म्हणते,
तेंच सांगिल्लें हांवें.