दुखून राहिलं

मॅडम पुण्याकडच्या. कागदावर लिहिलं, डावा पाय दुखतो.
मी म्हटलं, दुखतो नाही मॅडम, दुखून राहिला.
म्हणे, फरक काय?
फरक असा का, दुखतो तो पाहुणा,
आला, चहा पेला, गेला.
दुखून राहिला तो भाडेकरू.
त्यानं आता दारावर पाटी लावली.

बावीस वर्षं क्लच दाबला,
गणेशपेठ डेपो, नागपूर-गडचिरोली.
डाव्या टाचेखालून किती वराती, किती गतिरोधक गेले
त्याचा हिशेब महामंडळापाशी नाही.
मागच्या खिशात पाकीट, अर्ध्या विटेएवढं:
लायसन, रेशनकार्डाची झेरॉक्स,
भिशीच्या चिठ्ठ्या, मेलेल्या घड्याळाची पावती.
त्याच्यावर बसून गाडी हाकली,
एक कुल्ला वर, एक खाली,
वाकड्या चेसिसचा माणूस.

महालातले वैद्य म्हणाले, गृध्रसी.
गिधाडासारखी चाल होते म्हणून.
गिधाडं पाहिली मी, ब्रह्मपुरीच्या अलीकडे,
मेलेल्या म्हशीपाशी, डांबरावर फेंगडी चालायची,
हॉर्न मारला तरी हलायची नाही.
मग दिसेनाशी झाली.
आता कळलं कुठं गेली ते.

कामठीच्या एकानं अडीचशे रुपयांत नस बसवून दिली.
बसली नाही.

मेडिकलमधे मॅडमनं प्लास्टिकचे मणके हातात दिले.
चौथ्या-पाचव्याच्या मधातली गादी सरकली,
नसेले टेकली.
पण दुखते तर करंगळीत!
मग मलेच सुचलं:
हेडलाइट लुकलुक करते
तेव्हा नुसता बल्ब बदलून भागत नाही,
बॅटरीपासून वायर पाहत यावं लागते.
हाव, म्हणाल्या मॅडम.
पहिल्यांदा हाव म्हणाल्या.

मग मी त्यांना माझा रूट सांगितला.
कंबर म्हणजे नागपूर, गाडी इथून सुटते.
उमरेड कुल्ल्यात, कोळशाच्या खाणीएवढं खोल.
भिवापूर मांडीची मागची बाजू, मिरचीच मिरची.
नागभीडले गुडघ्यामागं वळण,
ब्रह्मपुरीची पोटरी रात्री दोनला दगड होते,
आरमोरीच्या घोट्यावर मुंग्या चढतात, विनातिकीट.
गडचिरोली करंगळी.
बधिर. तिथी नेटवर्क नाही.

म्हणाल्या, आधी ते पाकीट काढा.
पालथं झोपा, कोपरांवर छाती उचला,
दहादा, दिवसातून चार वेळा.
वीस मिनिटांवर बसू नका,
दिवसभर पडूनही राहू नका, चालत जा.
आणि लघवी कळेनाशी झाली, पाऊल लुळं पडलं,
तर चिठ्ठी काढत बसू नका, धावत या.
हे सांगताना हसल्या नाहीत.

मे महिना. पंचेचाळीस.
कूलरमधलं पाणी संपलेलं,
अन् मी फर्शीवर पालथा, कमरेवर गरम पाण्याची पिशवी.
वनमाला म्हणते, गच्चीवर टाकू का?
फुकटात शेकून निघन.

ड्रायव्हरले म्हणतात बसू नका.
डेपो मॅनेजरनं कंट्रोलच्या खिडकीत उभं केलं, माइकवर.
गडचिरोलीकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक सहावर लागून राहिली आहे.
अख्खा फलाट हसला.
माझ्या सीटवर आता येरमे, नवीन पोरगा,
आरशात भांग पाहतो.
माइक चालूच होता, मी म्हटलं,
येरमे, मागच्या खिशातलं पाकीट काढ रे.

पाचव्या आठवड्यात करंगळी जागी झाली,
पण कुल्ला पेटला.
घाबरून गेलो मेडिकलले, मॅडम खूश.
पायातून वर सरकून राहिलं, म्हणे, चांगलं आहे.
असंच म्हणाल्या, सरकून राहिलं.
म्हणजे परतीची फेरी?
हाव.

आज सकाळी उमरेडले थांबलं होतं.
मी फर्शीवर, कोपरांवर, सातवा की आठवा, मोजणं चुकलं.
हॉर्न मारून येणारी गाडी नाही ही.
बाहेर दूधवाला आला,
उठून, उभ्यानंच, पातेलं धरलं.