बिनहळदीचे दोन दिवस

डर्बीत, ऑस्मास्टन रोडवर,
नखं रंगवतात त्या दुकानाच्या माडीवर
डॉक्टर हॅलमनी माझ्या ओठांशी धरली
खोट्या दातांची पट्टी.
सोळा दात, सोळा छटा,
आणि मला आठवला मॅचिंग सेंटरमधला तो माणूस,
काठाशी एकेक तुकडा लावून
मान तिरकी करून बघणारा.
"हा तुमचा," ते म्हणाले.
शेवटून दुसरा.
उकळून उकळून उरलेल्या चहाचा.

तेहतीस वर्षं बिल्डिंग सोसायटीच्या काउंटरवर
काचेपलीकडच्यांना हसून नोटा मोजून दिल्या.
आता काच काढली. काउंटरही काढलं.
जुलैपासून दारात उभं राहून
येईल त्याचं स्वागत करायचं,
आणि त्या एका जागेसाठी अर्ज तिघींचे:
मी, जेड आणि कर्स्टी.
त्या दोघींची वयं मिळवली
तरी माझी बेरीज होत नाही.

"दहा वर्षांनी लहान दिसाल,"
गाल ताणून धरणारं प्लास्टिक बसवत डॉक्टर म्हणाले.
तोंड असं उघडं, की विचारताही येईना,
कुठली दहा?

निळा दिवा. तास, सव्वा तास.
छतावर कुणीतरी चिकटवलेला समुद्र,
एक कोपरा सुटलेला.
दहा वर्षांपूर्वी अच्युत होता.
हॉस्पिटलच्या खिडकीशी पेला,
पेल्यात त्याची कवळी,
रात्रभर त्याच्याबरोबर जागी.
"तेवढी जपून ठेव गं," म्हणायचा,
"कुणी चणे आणलेच, तर पंचाईत नको."

पुढे सूचना आल्या, छापील.
अठ्ठेचाळीस तास
चहा नाही, बीट नाही, काळी द्राक्षं नाहीत,
"आणि तुमची ती पिवळी पूड,"
डॉक्टरांनी बोट उचललं,
"ती तर अजिबात नाही. पांढरं खा."

पांढरं खाल्लं.
दहीभात. उकडलेला फ्लॉवर.
बटाट्याची भाजी, हळद नाही, फोडणी नाही.
दुसऱ्या घासाला हात थांबला.
हे असं मी आधी जेवले होते.
मंडळातल्या बायका डबे आणायच्या,
झाकणांवर नावं लिहिलेले,
आत सगळं फिकं फिकं,
आणि मी कुणाचा डबा कुठला
एवढंच लक्षात ठेवत बसले होते दहा दिवस.
म्हणजे तरुण व्हायला
पुन्हा सुतकच धरायचं.
या खेपेला कुणाचं,
ते काही उमगेना.

बाथरूमच्या आरशात दात तिशीतले.
जुन्या खोलीत नवी ट्यूब लावली
की जळमटंच आधी दिसतात, तसं झालं.
कपाळ. डोळ्यांच्या कडा.
हनुवटीखालचं ते सैलसर,
जे मी कालपर्यंत पाहिलं नव्हतं.

रात्री मिरजेहून उषीचा व्हिडिओ कॉल.
ती बघतच राहिली.
मी मनातल्या मनात पदर सारखा केला.
"अगं, कवळी बसवलीस?" उषी म्हणाली,
"कधी? बोलली नाहीस ती!"

हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात.
दिसले. माझे सगळे, दाढांपर्यंत,
आणि तिचे पुढचे दोन काळपट,
आईच्या डबीतली मिश्री चोरून घासायचो ना आम्ही,
कोठीच्या दाराआड.
मी सोडली. तिनं नाही सोडली.
पडद्यावर ती हसत होती
आणि खरं सांगते,
दोघींत लहान तीच दिसत होती.
तशी आहेच ती, चार वर्षांनी.

एकोणपन्नासाव्या तासाला आधण ठेवलं.
दुसऱ्या शेगडीवर तेल, मोहरी, हिंग,
आणि हळद, हवी त्याहून जरा जास्तच.
ओट्यावर सांडली. पुसली.
पिवळं राहिलंच.

मंगळवारी मुलाखतीच्या बाकावर
जेडनं वळून निरखून पाहिलं.
"मस्त दिसतेस! काय केलंस?"
"झोप झाली," म्हटलं.