भेटकलम

पहिल्यांदा तिचा हात पडला तो पिपाणी फुंकताना.
माडाच्या पातीची पिपाणी, मीच वळून दिलेली.
ती वाळूत गळली,
मग तोंड वाकडं, डोळे वर, पायांची तडफड.
कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल नाकाशी धरली.
शिरोड्याच्या किनाऱ्यावर, भर उन्हात,
माझी सात वर्षांची तेजाली
रापणीतून बाहेर उडालेल्या तारलीसारखी.

बांबोळीला डॉक्टरबाईंनी फिल्मवर बोट ठेवलं.
मोठ्या नळ्या बुजत चालल्यात,
आणि तळाशी ह्या बारीक, केसासारख्या,
मदतीला धावून आलेल्या, पण पुऱ्या न पडणाऱ्या.
जपानीत म्हणतात मोयामोया. धुराचा लोट.
मला मागीलदारचा धूर दिसला, काजूबिया भाजतानाचा,
डोळ्यांत जाणारा, बाकी कुठंच न जाणारा.
तेजालीला मात्र नाव आवडलं.
घरी येऊन मांजरीच्या पिल्लाला तिनं तेच ठेवलं.

नियम साधे होते. फुंकायचं नाही. धापा टाकायच्या नाहीत.
रडायचं नाही.
पेज निवेपर्यंत ती ताटलीकडे नुसती बघत बसायची.
सुई टोचताना ओठ मिटून छताचे वासे मोजायची.
मागेल ते तिला मिळायचं, दुसऱ्याच्या हातातलंसुद्धा,
आणि धाकटा भार्गव पडवीमागे जाऊन
दोघांच्या वाटचं रडून यायचा.

मुंबईच्या सर्जननं कागदावर डोकं काढलं.
ही कानावरची शीर. तोडायची नाही, वाहतीच ठेवायची.
मोकळी करून मेंदूवर अंथरायची, टाके घालायचे
आणि थांबायचं.
मी म्हटलं, भेटकलम.
ते म्हणाले, काय?
वेंगुर्ल्याच्या नर्सरीत वीस वर्षं हेच करतोय, साहेब.
फांदी आईच्या झाडावरच ठेवायची,
रोप तिच्या जवळ न्यायचं, दोघांची साल तासायची,
जखमेला जखम लावून सुतळीनं बांधायचं.
किती दिवस?
दोन-तीन महिने.
आमचंही तसंच. कधी जास्त.
शंभरातली किती धरतात तुमची?
मी आकडा सांगितला. त्यांनी त्यांचा सांगितला.
तो मी घरी अजून सांगितलेला नाही.
उठता उठता ते म्हणाले, रक्त पोचेल,
पण जे आधीच करपलंय तिथून झटका येऊ शकतो.
तेवढं धरून चाला.

आता चौदा महिने झाले.
हात पडायचा थांबला. झटके दोन:
एक नारळी पुनवेला, नारळ हातात असताना,
एक झोपेत, बायकोला चादरीवरून कळलेला.
औषध फ्रिजवर, सकाळ-संध्याकाळ पाच मिली.
बटणं डाव्या हातानं. भागाकार चुकतात,
ते माझेही चुकायचे.
केसांचा भांग दुसरीकडून, व्रण झाकायला.
नव्या फिल्मवर कानशिलातून आत
मुळं सुटल्यासारखं दिसत होतं.
मी मोजायला लागलो तर बाई हसल्या,
आणि कागदावर, निकालाच्या पुढं, एकच शब्द लिहिला: चांगला.

परवा मोया गाडीखाली आली.
तेजाली खळ्यात बसली, मांजर मांडीवर घेऊन.
आधी नुसते हुंदके, मग तोंड उघडून,
दोन वर्षांचं साठलेलं, शेजारची माणसं गडग्याशी येईपर्यंत.
बायको दारात उभी, हात पिठाचे.
"गप रव गे बाय," शेजारीण पुढं झाली.
मी तिला अडवलं.
रडांदे.

भार्गव ताईच्या उजव्या हातावर नजर लावून
मोजत होता, चाळीस, एकेचाळीस.
हात मांजरीच्या पाठीवरून फिरत होता, हळू,
पण फिरत होता.
शंभराच्या पुढं भार्गवला येत नाही.
त्यानं परत एकपासून सुरुवात केली.