खरखर

आठवडा झाला, स्कॅनर उघडा पडलाय टेबलावर,
स्क्रू कॉफीच्या बशीत.
अँटेना बदलली. खिडकीशी नेली, फ्रिजवर ठेवली,
मग पोटमाळ्यावर, जिथे उणे वीस
आणि उंदरांची वस्ती.
स्क्वेल्चचं बटण केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे.
ऐकू काय येतं? बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचा मुकादम,
आणि शाळेच्या बसवाली गर्डा, तिची सर्दी.
पोलीस नाहीत.

डुलुथच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
"मिस्टर स्कोगन, मार्चपासून सगळं डिजिटल.
हा डबा आता शोभेचा."
शोभेचा!
याच डब्यातून बावीस वर्षं यायचा
आर्डिसचा रात्रपाळीचा आवाज:
"सात नंबर, तळ्याच्या रस्त्यावर हरीण आडवं पडलंय. सावकाश."
ती "पाळी संपली" म्हणाली
की मी बटाटे उकळायला टाकायचो.
एकदाही गाळ झाला नाही.

आता ती समोरच असते, निवृत्त,
मोज्याची टाच विणत.
माझी खटपट बघते. बोलत नाही.

काल रात्री जुन्या चॅनेलवर दिवा थांबला.
खर्र. बाकी काही नाही.
माझं बोट बटणाकडे गेलं.
"थांब."
तिच्या सुयाही थांबल्या.
"सात नंबर आहे. जुना संच काढला नसेल गाडीतला.
हा आधी बटण दाबतो,
काय बोलायचं ते मग ठरवतो."

मला नुसती खरखर.
ती पुढे वाकली, माईक असायचा तिथे,
आणि अगदी हळू म्हणाली,
"बोल, मेरिल. ऐकतेय."