नादारी

लातूरच्या कोर्टात, जिन्याखालच्या खोलीत
खादरभाई शिडीवर चढतात.
"साल?"
"शहाऐंशी. विरभद्रप्पा निलंगे,
उदगीर, भांड्यांचं दुकान."

लाल रुमालाची गाठ दातानं सुटते.
आधी शिंक, मग अप्पांचं अक्षर.

मालमत्ता: तराजू एक, मापं अपुरी.
पितळी घागरी नऊ, पैकी दोन गळक्या.
गळक्यांचं कुणी विचारलं होतं?

त्याच वर्षी शाळेत मला नादारी मिळाली,
फी माफ.
मी दुकानाच्या पायरीवरून ओरडत आले,
नादार झाले, नादार झाले.
अप्पा सुपारी कातरत राहिले.

देणी पान तीनवर.
बँक, पतपेढी, हैदराबादचा ठोकवाला,
आणि सतरावं:
कु. शैलजा, वय नऊ,
मातीचा गल्ला फोडून घेतलेले
रुपये अकरा, पैसे चाळीस.
व्याज ठरलेले नाही.

खादरभाई नकलेची तिकिटं मागतात.
पर्समध्ये हात घालते तर
माझाच अर्ज लागतो बोटांना, अर्धा भरलेला.
शिलाई मशीनं पाच. गणवेशांचं बिल अडकलेलं.
रकाना सात: कोणाचेही देणे वगळू नये.

रेवणच्या सायकलसाठी साठवलेले
मी लिहिले नव्हते.

खादरभाई,
पेन आहे का तुमच्याकडे?