बदल नाही

वोर्म्सीच्या धक्क्यावर, तिकीटघराच्या भिंतीला
तो डबा मीच ठोकलाय. जेवणाच्या डब्याएवढा.
आत एक चिप, एक कार्ड आणि सातशे ओळींचं सी.
आलेल्याने नाव घ्यायचं, यानं ती फाईल उघडायची,
पाचशे बारा बाइटांच्या ओंजळीने उपसून द्यायची,
आणि बंद करायची.
पहिल्या हिवाळ्यात बंद करायचंच विसरले होते मी,
सोळा फाईली उघड्या राहिल्या नि डबा मुका.
दोन टिंबं टाकून कुणी मागच्या खोलीत घुसू पाहिलं
तर उंबऱ्यावरूनच परत.
एवढंच येतं त्याला.

"आकडा आपोआप नको," काल्यो म्हणाला होता.
"तुझ्या सेन्सरला बर्फाचं कण्हणं कळतं का?"
रोज पहाटे तो समुद्रावर चालत जायचा,
गिरमिटाने भोक पाडायचा, पट्टी बुडवायचा,
आणि टोपी न काढता पानावर टंकायचा:
जाडी चोवीस. गाड्या सोडा.
पट्टा बांधू नका, उडी मारता आली पाहिजे.

नऊ मार्चला काल्यो झोपेतच गेला.
अख्खं बेट दफनाला. डबा कुणालाच आठवला नाही.
मलाही.

डबा कामावर होता.
हाप्सालूहून फोन विचारत,
मागच्या वेळेनंतर काही बदललं?
तो फाईलची तारीख बघे आणि खरं तेच सांगे:
तीनशे चार. बदल नाही.
दुसऱ्या दिवशीही. बदल नाही.
खाली बर्फ करडा होत चाललेला.

सतराला हेल्वे दुधाची गाडी घेऊन निघाली.
निम्म्या वाटेत चाकांखाली पाणी वाजलं.
दार उघडं टाकून, मान मागे वळवून
चार किलोमीटर उलटी आली ती.
मला काही बोलली नाही.
फोन समोर धरला फक्त.
चोवीस. गाड्या सोडा.

रात्रभर कोड वाचला.
एकही चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं होतं.

पहाटे ते पान पुसायला घेतलं.
पूर्णविरामानंतर त्याने दोन जागा सोडलेल्या, नेहमीसारख्या.
एक प्रत माझ्याकडे ठेवली.
मग पुसलं.
आता जो विचारेल त्याला चारशे चार:
सापडलं नाही.

नंतर आठ ओळी घातल्या.
पान एका दिवसाहून शिळं असेल तर देऊ नकोस.
आठच ओळी.

गिरमिट तिकीटघरामागे टेकलेलं आहे अजून.
दांड्याला त्याच्या हातमोज्याची लोकर.